रुंद बाबागाडी

ललितनं बाबागाडीच्या दोन्ही खणांत गव्हाची एकेक पिशवी ठेवली, पट्टे आवळले आणि गाडी पायऱ्यांच्या तळाशी उभी करून पायलकडे पाहिलं.

"घे. आता एकटीनं चढवून पाह्य."

गाडी त्याच्या ऑफिसातल्या चंदनची होती. चंदनची जुळी मुलं आता शाळेत जात होती आणि गाडी त्याच्या गच्चीवर धूळ खात पडली होती. ललितनं ती मोटरसायकलच्या मागं बांधून आणली, नळाखाली धुतली, चाकांना तेल दिलं. नवी विकत घेण्याआधी जुळ्यांच्या गाडीचं आपल्या पायऱ्यांवर काय होतं ते बघून घ्यावं, हा विचारही त्याचाच होता. तो पाटबंधारे खात्यात होता आणि कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय करत नसे.

वर ओट्यावर त्याचे वडील श्रावण कमरेवर हात ठेवून उभे होते. आई, जाईबाई, दारातल्या खुर्चीत बसली होती. जुळ्या मुली आत झोपल्या होत्या.

पायलनं गाडी उलटी फिरवली, दांडा दोन्ही हातांत धरला आणि पाठमोरी वर चढू लागली. पहिली पायरी गेली. दुसरीवर मागची चाकं आली, पण पुढची खालच्या कडेला अडकली. तिनं जरा ओढून पाहिलं, मग दम खाल्ला, आणि मग एक हिसका दिला. पुढच्या खणातली पिशवी पट्ट्याखालून सरकली, पायरीच्या काठावर आपटली आणि फाटली. गहू पायऱ्यांवरून घरंगळत खाली नालीवरच्या फरशीपर्यंत गेला.

समोरच्या शिकवणीच्या खिडकीतून दोन-तीन डोकी वाकली आणि परत आत गेली.

"पट्टा माह्याकडून ढिला राह्यला," ललित म्हणाला.

"पट्टा नाही. मी हिसका दिला."

"लेकरू असतं त," जाईबाईंनी सुरुवात केली आणि पुढचं तोंडातच ठेवलं.

"पायऱ्या उंचच हायेत," श्रावण म्हणाले. "मुद्दाम उंच केल्या."

जाईबाई खुर्चीतून उठल्या, भिंतीचा आधार घेत पुढं आल्या आणि सगळ्यात वरच्या पायरीवर बसून हाताला लागतील तेवढे दाणे पदरात गोळा करू लागल्या. त्याखाली त्यांचा हात पोचत नव्हता. गुडघ्यांमुळे त्या गेल्या दोन वर्षांत ओट्याखाली उतरल्या नव्हत्या. खालचे दाणे पायलनं वेचले. तोवर चिमण्या येऊन बसल्या होत्या.

"हलक्या गाड्या बी येतात," ललित वाकून चाकाकडे बघत म्हणाला. "राजापेठेत एक मोठं दुकान हाय. आपण जाऊन पाहू."

पायलनं मान हलवली.

घराचं जोतं त्या गल्लीत सगळ्यात उंच होतं. श्रावण एसटीच्या कारखान्यात फोरमन होते. त्याआधी, ते लहान असताना, त्यांची झोपडी नाल्याकाठी होती आणि दर पावसाळ्यात पाणी आत येई. एकदा रात्रीत घरातलं सगळं धान्य भिजलं आणि नंतरचे कितीतरी दिवस त्यांच्या आईनं मोड आलेली ज्वारी भाजून खाऊ घातली. हे ते पाहुण्यांना सांगत. सांगून झालं की पाहुण्यांना पायऱ्यांपाशी नेत आणि म्हणत, "या घरात पान्याचा एक थेंब आला नाई." त्यात खोटं काही नव्हतं. समोर गल्ली अरुंद, कडेला नाली. पायऱ्यांऐवजी उतार करायचा तर तो थेट समोरच्या दारात गेला असता. ललितनं तेही मोजून पाहिलं होतं.

लग्न होऊन आल्यावर या पायऱ्या पायलच्या कधी लक्षातही आल्या नव्हत्या. पहाटे ती धावत उतरायची, बडनेऱ्याला जाऊन रेल्वे पकडायची आणि अकोल्याला उतरायची. तिथल्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. संध्याकाळी परत यायची तेव्हा डबा, पर्स, भाजीची पिशवी एका हातात आणि चप्पल काढायला दुसरा हात मोकळा असायचा.

मुली झाल्या आणि पायऱ्या दिसायला लागल्या. एक मूल असतं तर कडेवर घेऊन उतरता आलं असतं. दोघींना घेऊन उतरायचं म्हणजे कठडा धरायला हात उरत नव्हता. एकीला घेऊन उतरायचं म्हणजे दुसरी वर. आणि खाली नेलेलीला ठेवायचं कुठं, म्हणजे वरचीला आणता येईल?

तसं तिला कुणी अडवलं नव्हतं. उलट सगळे मदतीलाच उभे असत. "कुठी जायचं ते सांग, मी नेतो," सासरे म्हणत. त्यांच्या हृदयात नळी टाकली होती आणि डॉक्टरांनी पाण्याची बादलीही उचलू नका म्हणून बजावलं होतं, तरी ते हात पुढं करत. मग ते ओझं उचलतील या भीतीनं पायलच नको म्हणे. ललित म्हणे, "संध्याकाळी मी आलो की जाऊ." तो यायचा तेव्हा मुली झोपलेल्या असत किंवा रडत असत. आणि कुठं जायचं? तिला कुठंच जायचं नव्हतं. तिला फक्त जायचं होतं.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी, सासू-सासऱ्यांचा डोळा लागला असताना, तिनं करून पाहिलं. शेजारच्या मनकर्णाबाईंच्या नातवाची जुनी एकेरी गाडी त्यांच्या ओट्याखाली पडलेली असे. पायलनं जुईलीला त्या गाडीत ठेवलं, गाडी भिंतीला लावली आणि मैत्रीला आणायला वर धावली. मैत्रीनं लंगोट ओला केला होता. तो बदलायला कितीसा वेळ लागला असेल. ती खाली आली तेव्हा मनकर्णाबाई एका हातात भाजीची पिशवी धरून आणि एक पाय गाडीच्या चाकाला लावून उभ्या होत्या. गाडी भिंतीपासून सुटून नालीच्या काठापर्यंत आली होती. जुईली हसत होती.

"उतार हाय ना इथं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुले मालूम नाई?"

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. घरात कुणी आवाज चढवला नाही. सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी ओट्याच्या तोंडाशी एक लहान लोखंडी फाटक बसवून घेतलं. मुली रांगायला लागल्या की पडतील, असं ते म्हणाले. मुली तेव्हा नीट बसतही नव्हत्या. फाटक उघडताना करकरायचं आणि आतून आवाज यायचा, "कोन?" पायल असली तर, "कुठी चालली?" प्रेमानंच विचारलं जाई. पायल दोरीवरचे कपडे काढायला आले होते, असं सांगे आणि फाटक लावून घेई.

तिला स्वतःचाही भरवसा वाटेनासा झाला होता. दुपारी मुली झोपल्या की ती खिडकीशी बसून गल्लीतला तो उतार शोधत राही. डोळ्यांना तो दिसत नसे.

बाळंतपणाची रजा संपत आली, तेव्हा घरात ठरलं की आणखी एक वर्षाची बिनपगारी रजा मागावी. ठरलं म्हणजे ललितनं जेवताना सुचवलं, सासरे हो म्हणाले आणि पायलनं सगळ्यांच्या ताटात भात वाढला. तिचं माहेर दर्यापूरला, तिथं आई अंथरुणाला खिळलेली. दुसरं काय करायचं, हे तिलाही सुचत नव्हतं.

त्या कामासाठी ती एकटी अकोल्याला गेली. ललितनं त्या दिवशी सुटी घेतली आणि मुलींजवळ थांबला. गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. दोन्ही हात मोकळे होते आणि ते कुठं ठेवावेत हे तिला कळेना. मूर्तिजापूर येईपर्यंत तिनं ते मांडीवर ठेवले, मग खिडकीच्या गजांवर.

प्रयोगशाळेत तोच वास होता, ट्रेमध्ये वाळत घातलेल्या मातीचा. ज्योत्स्ना मॅडमनी खुर्ची ओढून दिली, मुलींचे फोटो पाहिले आणि रजेचं ऐकून घेतलं.

"रजा मिळेल," त्या म्हणाल्या. "पण वर्षानं येशील तेव्हा इथंच जागा राहील, असं मी म्हणू शकत नाही. धारणीला, तिकडं डोंगरात, माणूस पाहिजे, माणूस पाहिजे चाललंय. तुला तिकडं टाकतील."

"धारणीला."

"मी नाही टाकणार. वरून येईल." मॅडमनी चष्मा काढून पुसला. "तू अपडाऊन कशाला करतेस? इथं क्वार्टर रिकामं झालंय. सूर्यभान रिटायर होऊन गावी गेला. कुणी घेत नाही ते, जुनं आहे म्हणून. बघून तर ये."

क्वार्टर आवाराच्या मागच्या बाजूला होतं. लिंबाच्या झाडांखाली बैठ्या घरांची एक रांग आणि त्यातलं शेवटचं घर. मॅडमनी कुलूप काढलं. दोन खोल्या, मागं मोरी, भिंतीला खालून ओल चढलेली.

"पावसाळ्यात पाणी येतं आत," मॅडम म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू. शेजारी माणिकबाई आहेत, त्या पाळणाघर चालवतात. आपल्या प्रयोगशाळेतल्या दोघींची लेकरं तिथंच असतात."

पायल ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. ती दारापाशी उभी राहून खाली बघत होती. उंबरा जेमतेम बोटभर उंच होता. त्यापुढं सरळ मुरूम टाकलेली जमीन, पुढं रस्ता, रस्त्यापुढं फाटक. ती बाहेर आली. मग आत गेली. मग पुन्हा बाहेर आली आणि रस्त्यापर्यंत चालत जाऊन आली.

"काय शोधतेस?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही, मॅडम."

निघताना ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या, "मग रजेचं काय करायचं?"

"सांगते नंतर."

घरी ललितनं विचारलं तेव्हा तिनं तेच सांगितलं, की मॅडम रजा मिळेल म्हणाल्या. ते खरंच होतं. बाकीचं तिनं सांगितलं नाही, कारण बाकीचं काय आहे हे तिलाच नीट माहीत नव्हतं.

रविवारी दोघं राजापेठेतल्या दुकानात गेले. मैत्री ललितच्या खांद्यावर, जुईली पायलच्या. वाटेत दोन ठिकाणी गाड्यांच्या गर्दीत थांबावं लागलं. दुकानदार उत्साही माणूस होता. जुळ्या म्हटल्यावर त्यानं पोऱ्याला हाक न मारता स्वतःच माळ्यावर चढून खोकी काढली.

"घर कसं आहे तुमचं? लिफ्ट?"

"पायऱ्या हायेत," ललित म्हणाला. "उंच. अरुंद बी हायेत." त्यानं फोनमध्ये मापं लिहून आणली होती आणि खिशात टेपही होता.

"मग ही बघा." दुकानदारानं एक गाडी छत्रीसारखी झटक्यात उघडली. "पुढं-मागं दोघी बसतात. वजनाला काहीच नाही. जिन्याची घरं असतात ना, तिथं हीच जाते."

ललितनं ती उचलून पाहिली, मिटून पाहिली, पुन्हा उघडली. खाली गुडघ्यावर बसून त्यानं चाकांमधलं अंतर मोजलं, फोनमधल्या आकड्याशी ताडून पाहिलं आणि वर बघून हसला. "बसते. पायल, पाह्य. एका हातानं मिटते."

पायलनं मिटून पाहिली. एका हातानं खरंच मिटत होती. दांडा बारीक होता, चाकं लहान, प्लास्टिकची. मैत्रीला पुढं आणि जुईलीला मागं बसवलं. जुईलीसमोर मैत्रीच्या सीटची पाठ होती. ती त्या निळ्या कापडाकडे बघत राहिली.

"आणि ती कोणती आहे?" पायलनं विचारलं.

कोपऱ्यात एक रुंद गाडी उभी होती. दोन खण शेजारी शेजारी, हवा भरलेली मोठी चाकं, वर दोन वेगळाली छपरं.

"ती चांगलीच आहे, पण तुमच्या कामाची नाही ताई," दुकानदार म्हणाला. "बंगलेवाले नेतात. जड आहे. दोन माणसं लागतात उचलायला."

"बसवून बघते फक्त."

मुलींना बसवलं. मैत्रीनं इकडंतिकडं पाहिलं, तिचा हात बाजूला गेला आणि जुईलीच्या बाहीला लागला. तिनं ती बाही मुठीत धरली. जुईलीनं तिच्याकडं पाहिलं आणि तोंडातली लाळ उडवत काहीतरी बोलली. पायलनं दांडा धरला. गाडी जड होती, पण एकदा चालायला लागली की तिला ढकलावं लागत नव्हतं, सोबत जावं लागत होतं. ती दुकानाच्या टोकापर्यंत गेली. दुकानाचं दार काचेचं होतं आणि बाहेर फुटपाथला सपाट फरशी होती. तिथं उभ्या असलेल्या माणसानं दार धरलं. ती बाहेर गेली.

ललित टेप हातात घेऊन काचेतून बघत होता. पायल रसवंतीपर्यंत गेली, वळली, परत आली. वाटेत एका बाईनं थांबून मुलींकडं पाहिलं आणि काहीतरी विचारलं. पायलनं हसून उत्तर दिलं. तिला असं अनोळखी माणसाशी उभ्याउभ्या बोलताना ललितनं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

"ही घेऊ," ती आत येऊन म्हणाली.

"ही?" ललित म्हणाला. "ही पायऱ्यांवरून जाणार नाई, पायल."

"नाही जाणार."

"मंग?"

ती दुकानदाराकडं वळली. "तुम्ही घरपोच पाठवता का?"

"पाठवतो ना. शहरातच आहे ना घर?"

"अकोल्याला पाठवायची आहे," पायल म्हणाली आणि पत्ता सांगू लागली. प्रयोगशाळेचं आवार, मागचे क्वार्टर, शेवटचं घर. शेवटचं घर, हे तिनं दोनदा सांगितलं.

ललितनं टेप ओढून पाहिला आणि सोडला. तो सर्रकन आत गेला. पैसे त्यानंच दिले.

बाहेर आल्यावर, मैत्रीला खांद्यावर घेऊन, मोटरसायकलींच्या रांगेजवळ तो थांबला.

"केव्हा ठरवलं हे?"

"आत्ता."

"रजा?"

"मागितलीच नाही मी."

त्यानं मैत्रीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मले विचारायचं त होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही काहीतरी चांगलंच सुचवलं असतं," पायल म्हणाली. "आणि मी हो म्हटलं असतं."

मैत्री त्याचा कान ओढत होती. त्यानं तो सोडवून घेतला नाही.

घरी सांगायचं काम त्यानं केलं. संध्याकाळी, चहाच्या वेळी, जसं ऑफिसातलं काहीतरी सांगावं तसं. पायल आत मुलींचे वाळलेले कपडे घडी करत बसली होती. दार उघडं होतं. जाईबाई पलंगावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

श्रावणांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी दारातून आत पाहिलं.

"पायल."

"जी, बाबा."

"तिथं पानी शिरते का घरात?"

"शिरतं म्हणाल्या मॅडम. पावसाळ्यात."

"मालूम असून चालली?"

"हो."

त्यांना ते समजत नव्हतं आणि ते समजून घ्यायचा प्रयत्न करत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी कपातला उरलेला चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. "आमचं काई चुकलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा," पायल म्हणाली. तिनं झबल्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"लेकरं कोन पाहीन?" ते म्हणाले.

"शेजारी पाळणाघर आहे. माणिकबाई म्हणून आहेत. दुपारी मी मॅडमशी फोनवर बोलले क्वार्टरचं, त्यांच्याशीही बोलले."

जाईबाईंच्या हातातली शेंग फुटली आणि दाणे परातीत पडले.

"तिथं पायऱ्या नाईत म्हन्ते ललित," त्या म्हणाल्या.

"नाहीत, आई."

"एक बी नाई?"

"उंबरा आहे फक्त. बोटभर."

"मंग मी बी येतो."

पायलचा हात कपड्यांवर थांबला. माणिकबाईंशी बोलून झाल्यावर तिनं मनात ते घर लावून पाहिलं होतं. पुढच्या खोलीत मुलींची सतरंजी, मागं स्वयंपाक, संध्याकाळी कुणी काही न विचारता गाडी घेऊन बाहेर पडणं. त्या घरात पलंग एकच होता.

"तू?" श्रावण म्हणाले. "तू त दोन वर्सं झाले ओट्याखाली गेली नाई."

"म्हनूनच म्हन्तो."

"अन् मी?"

"तुमी राहा ना तुमच्या घरात," जाईबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "ललित हाय. फाटक हाय." त्यांनी पुढची शेंग उचलली आणि मान वर न करता सुनेला विचारलं, "नेशीन का मले?"

खोलीत मुलींच्या श्वासांचा आवाज येत होता. पायलनं हातातलं झबलं बाकीच्या घड्यांवर ठेवलं.

"चला," ती म्हणाली.

निघायच्या दिवशी जाईबाई बसत बसत उतरल्या. एका पायरीवर बसायचं, पाय खालच्या पायरीवर टेकायचे, हातांवर भार देऊन खाली सरकायचं. ललितनं उचलून घेतो म्हटलं, तर त्याचा हात त्यांनी बाजूला केला. श्रावण पायऱ्यांच्या तळाशी दोन्ही हात पसरून उभे होते. मनकर्णाबाई आपल्या ओट्यावर येऊन बघत होत्या. खाली पोचल्यावर जाईबाई नालीवरच्या फरशीवर उभ्या राहिल्या, लुगड्याची धूळ झटकली आणि वर घराकडं बघितलं. "लय उंच बांधलं बाप्पा," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

अकोल्यात पहिले दिवस सामान लावण्यात गेले. गाडी आली, तिची खोकी उघडली. जाईबाईंनी दांडा धरून पाहिला, सोडला, पुन्हा धरला. पायलला वाटलं, गाडीचं दडपण आलं असेल. शनिवारी ललित आला आणि खिळे ठोकून गेला. दुपारपर्यंत मुली माणिकबाईंकडं आणि दुपारनंतर आजीजवळ, असं ठरलं.

कामावर रुजू झाल्याला आठवडा झाला असेल, तेव्हा एका संध्याकाळी ज्योत्स्ना मॅडमनी तिला लवकर सोडलं. ऊन अजून पिवळं होतं. पायल भराभर चालत आली. आज आपण दोघींना घेऊन स्टेशन रस्त्यापर्यंत जायचं, असं तिनं येताना ठरवलं होतं.

दाराला कुलूप होतं.

तिनं माणिकबाईंच्या घरी पाहिलं. तिथं फक्त दोन परकी मुलं खेळत होती. "तुमच्या सासू घेऊन गेल्या की," माणिकबाई म्हणाल्या. "रोजच जातात. तुम्हाला म्हाईत नाही?"

पायलनं फोन लावला. तो दारापलीकडं वाजू लागला. ती कुलपाला हात लावून उभी राहिली आणि फोन वाजून वाजून बंद झाला. रस्त्याला उतार आहे का, हे तिनं पहिल्यांदाच वाकून पाहिलं. फाटकापर्यंत धावत गेली. फाटकातून दोन्ही बाजूंना पाहिलं. परत आली. मग पुन्हा गेली.

लिंबाच्या रांगेच्या टोकाला, वळणावर, आधी गाडीची दोन छपरं दिसली आणि मग त्यांच्या वर सासूबाईंचं डोकं. त्या हळू चालत नव्हत्या. दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरला होता, अंगाचा भार त्याच्यावर टाकला होता आणि पावलं एकामागून एक, न अडखळता पडत होती. गाडी त्यांना घेऊन येत होती. वाटेतल्या क्वार्टरच्या दारात उभ्या असलेल्या बाईशी त्या थांबून बोलल्या. काहीतरी ऐकून हसल्या. त्यांना असं हसताना पायलनं कधी पाहिलं असेल, ते तिला आठवेना.

पायल फाटकाजवळून मागं आली आणि दारासमोर, जमिनीवरच बसली.

गाडी जवळ आली. मुली झोपल्या होत्या, दोघींची डोकी एकाच बाजूला कललेली. जाईबाईंच्या कपाळावर घाम होता. किल्ली त्यांच्या कमरेला खोचलेली दिसत होती.

"एवढ्या लवकर कावून आली?" त्या म्हणाल्या.

"सोडलं मॅडमनी. आई, फोन घरातच होता."

"त्याले कोन नेते संगं." त्यांनी मुलींकडं वाकून पाहिलं, मग बंद दाराकडं, मग रस्त्याकडं. "आत नेल्या त उठतीन आता. एक चक्कर मारून आनतो आनखी."

"मी नेते," पायल उठत म्हणाली.

"तू थकून आली. बस."

त्यांनी गाडी फिरवली. मोठी चाकं मुरमावर सहज वळली. पायल उभी राहिली होती, ती तशीच उभी राहिली. किल्ली मागायची राहून गेली हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा सासूबाई फाटकाबाहेर पोचल्या होत्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तिनं पर्स काढून उंबऱ्याशी ठेवली आणि पुन्हा खाली बसली.